जुनी चावीची रेल्वे गिफ्ट द्यायचीय? सांगली-साताऱ्यातनं शोध कसा घ्यायचा, सगळं सविस्तर

घरात कुणाचीतरी पंच्याहत्तरी आलीय, किंवा वडील रेल्वेतनं रिटायर होतायत, किंवा नवऱ्याची पन्नाशी आहे आणि तो लहानपणीच्या एका आगगाडीबद्दल आजही तितक्याच मायेनं बोलतो, अशा माणसाला शाल, घड्याळ, मिक्सर देण्यापेक्षा खरीखुरी जुनी खेळण्यातली रेल्वे द्यावी असं ज्यांच्या मनात आलंय त्यांच्यासाठी हे लिहितेय. आमच्या मिरजेत तर अशी माणसं गल्लोगल्ली आहेत. एकेकाळी मिरज जंक्शनला ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रूळ होते, बार्शी लाईट रेल्वेची छोटी नॅरोगेज गाडी १९२७ ला मिरजेपर्यंत आली आणि पंढरपूरला जाणाऱ्या कितीतरी पिढ्या तिच्यातनं गेल्या, त्यामुळं इथं रेल्वेवर जीव टाकणाऱ्यांना तोटा नाही.

मी हा शोध माझ्या मामांसाठी घेतला आणि आता ओळखीतलं कुणीही अशी गाडी शोधायला लागलं की मला फोन येतो. प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगते, की बाजारात ज्याला दुर्मिळ म्हणतात ती गाडी आणि तुमच्या माणसाला हवी असलेली गाडी या दोन वेगळ्या असतात. लंडनच्या लिलावात लाखांनी जाणारं इंजिन तुमच्या वडिलांनी कधी बघितलेलंच नसेल तर त्यांच्यासाठी ते एक महागडं शोपीस. त्यांची गाडी कुठली होती ते कळल्याशिवाय एक रुपया खर्च करू नका. आणि घाईनं तर अजिबात नको, निदान सहा महिने हातात ठेवा, कारण अशी गाडी आपल्याला हवी तेव्हा मिळत नाही, ती बाहेर निघेल तेव्हा मिळते.

आधी गाडी ठरवा

सरप्राईज ठेवायचं असेल तर त्या माणसाला थेट विचारता येत नाही, मग त्याच्या भावंडांना गाठा. बायकोला किंवा मुलांना हे माहीत नसतं, थोरल्या बहिणीला मात्र सगळं आठवतं, कारण तिला त्या खेळण्याला हात लावू दिलेला नसतो. मामींना काहीच सांगता आलं नाही, पण माझ्या आईनं एका दमात सांगितलं, हिरवं इंजिन, दोन डबे, चावी डाव्या अंगाला, रूळ गोल आणि त्यातला एक तुकडा हरवलेला म्हणून गाडी दरवेळी तिथं पडायची.

नेमकं काय विचारायचं? चावीची होती, सेलवरची होती की वायर लावून विजेवर चालायची. रुळांवर पळायची की नुसतीच फरशीवर. इंजिन तळहातावर मावायचं की वीतभर होतं. पत्र्याची की प्लास्टिकची. डब्यांवर काही अक्षरं होती का. आणि सगळ्यात कामाचा प्रश्न, ती आणली कुणी होती? आपल्याकडं २००१ पर्यंत बाहेरच्या खेळण्यांच्या आयातीवर कडक बंधनं होती, त्यामुळं स्वातंत्र्यानंतरच्या काळात परदेशी रेल्वे घरात आली असेल तर बहुतेक ती कुणाच्या तरी बॅगेतनंच आलेली असते. बोटीवर कामाला असलेले काका, आफ्रिकेत किंवा आखातात गेलेले शेजारी, गाशा गुंडाळून निघालेला गोरा साहेब. तो माणूस कुठनं आला ते कळलं की गाडी ब्रिटिश का जपानी का जर्मन, याचा निम्मा अंदाज लागतो.

जुन्या अल्बममधे फोटो असेल तर सोन्याहून पिवळं. फोटो मोबाईलवर काढून मोठा करून बघा, मुलाच्या हाताशी किंवा फरशीच्या चौकोनाशी ताडून इंजिनाची लांबी काढता येते. वाढदिवसाच्या फोटोंमधे खेळणं हमखास कोपऱ्यात पडलेलं असतं, तेव्हा माणसांचे चेहरे सोडून पायाशी काय आहे ते बघत जा.

आपल्याकडं साधारण काय सापडतं

एक, इंग्लंडच्या चावीच्या गाड्या. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबीच्या मेकॅनो कंपनीनं १९२० ला हॉर्नबी ट्रेन्स आणल्या, जाड पत्रा, मोठं इंजिन, तीन-चार पिढ्या टिकेल असं काम. संस्थानिकांच्या, वकील-डॉक्टरांच्या, रेल्वेतल्या साहेबांच्या घरात या असायच्या. त्याच कंपनीनं १९३८ ला हॉर्नबी डब्लो नावाची लहान मापाची गाडी काढली, ती मुख्यतः विजेवरची. १९६४ ला मेकॅनो कंपनी लाइन्स ब्रदर्सकडं गेली, त्यांचा ट्राय-अँग ब्रँड होता, म्हणून १९६५ पासनं काही वर्षं खोक्यावर ट्राय-अँग हॉर्नबी असं जोडनाव दिसतं.

दुसऱ्या जपानच्या सेलवरच्या पत्र्याच्या गाड्या. साधारण साठ-सत्तरच्या दशकातल्या, पुढं लाईट, आत शिट्टी, भिंतीला आपटलं की आपोआप वळणाऱ्या. मसुदाया कंपनीचा मॉडर्न टॉइज हा शिक्का यावर बऱ्याचदा असतो. आखातातनं, सिंगापूरहून येणाऱ्यांनी या भरपूर आणल्या, म्हणून आपल्या भागात या मिळण्याची शक्यता जास्त.

तिसऱ्या देशी. पातळ पत्रा, भडक छपाई, छोट्या गोल रुळावर फिरणाऱ्या किंवा नुसत्या ढकलायच्या, जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानात मिळायच्या त्या. परदेशी कलेक्टरला यात फारसा रस नाही म्हणून कुणी जपल्या नाहीत, आणि त्यामुळंच आज चांगल्या अवस्थेतली देशी गाडी शोधणं हॉर्नबी शोधण्यापेक्षा अवघड झालंय. माझ्या मते गिफ्ट म्हणून हिच्याइतकी भारी गाडी नाही, कारण आपल्या वडीलधाऱ्यांपैकी बहुतेकांच्या हातात हीच होती.

जर्मनीच्या मार्कलिनच्या गाड्या क्वचित दिसतात, कंपनी १८५९ पासूनची, काम अप्रतिम आणि भावही तसाच. बार्शी लाईटची हुबेहूब पत्र्याची गाडी मात्र मागू नका, जुन्या खेळण्यांत ती माझ्या पाहण्यात कधीच आलेली नाही, नॅरोगेजच्या प्रेमीला गोल रुळावरची छोटी देशी गाडीच जास्त जवळची वाटेल.

माप कळलं पाहिजे

रुळांच्या दोन पट्ट्यांमधलं आतलं अंतर म्हणजे गेज. ३२ मिलिमीटर असेल तर ओ गेज, जुन्या चावीच्या हॉर्नबी याच. १६.५ मिलिमीटर म्हणजे डबल ओ किंवा एचओ, ९ मिलिमीटर म्हणजे एन. इंजिन एकाकडनं आणि रूळ दुसऱ्याकडनं घेणार असाल तर पट्टी लावून मोजल्याशिवाय घेऊ नका. त्यात अजून एक मेख आहे, हॉर्नबी डब्लो आधी तीन पट्ट्यांच्या रुळावर चालायची आणि १९५९ ला दोन पट्ट्यांचीही आली, गेज दोन्हींचं एकच, पण तीन पट्ट्यांचं इंजिन दोन पट्ट्यांच्या रुळावर ठेवलं तर जागचं हलत नाही, आणि विकणारा म्हणतो इंजिन बाद आहे, स्वस्तात घेऊन जा. कधीकधी यातच आपला फायदा होतो.

हे सगळं वाचून डोकं गरगरत असेल तर एकदा पुण्याला कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम बघून या, १९९८ पासनं चालू आहे. चालत्या छोट्या गाड्या डोळ्यांनी बघितल्या की माप, रूळ, सिग्नल हे सगळं डोक्यात पक्कं बसतं.

खोक्यावरचं आणि पत्र्यावरचं वाचा

गाडी किती जुनी हे विकणाऱ्याला विचारायचं नाही, सगळे शंभर वर्षंच सांगतात. गाडीलाच विचारायचं.

ब्रिटिश गाडीवर एलएमएस, एलएनईआर किंवा सदर्न असं असेल तर ती १९२३ किंवा नंतरची, कारण त्या वर्षी तिथल्या रेल्वे कंपन्या एकत्र करून चार गट झाले, चौथ्या जीडब्ल्यूचं नाव मात्र आधीपासनंच होतं. ब्रिटिश रेल्वेजचा शिक्का असेल तर १९४८ किंवा नंतरची. मेड इन ऑक्युपाइड जपान असं असेल तर युद्धानंतर ते १९५२ च्या दरम्यानची, नुसतं मेड इन जपान असेल तर बहुतेक त्याच्या नंतरची. वेस्टर्न जर्मनी असेल तर १९४९ च्या पुढची.

देशी खोक्यावर तर वाचायला अजून मजा. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर खोका १९७२ च्या ऑगस्टनंतरचाच, कारण पिनकोडच तेव्हा आला, त्याआधी बॉम्बे ४ किंवा पूना २ असं लिहायचे. किंमत आण्यात असेल तर १९५७ च्या आधीची, नये पैसे असं असेल तर १९५७ ते १९६४ मधली. इंग्रजी पत्त्यात बॉम्बेच्या जागी मुंबई छापलेलं असेल तर नव्वदचं दशक अर्धं उलटून गेलंय. बारकोड असेल तर पन्नासच्या दशकातली असं सांगणाऱ्याला नमस्कार करून पुढं चला.

स्क्रूसुद्धा बोलतात. अधिक चिन्हाचा स्क्रू १९३६ च्या आसपास बाजारात आला, त्यामुळं १९२५ ची म्हणून दाखवलेल्या गाडीत तसा स्क्रू असेल तर निदान ती कुणीतरी खोललेली आहे एवढं नक्की. जुन्या पत्र्याच्या गाड्यांत तर स्क्रू कमीच असतात, पत्र्याचे छोटे कान फटीत घालून आत वाकवलेले असतात, ते कान परत सरळ करून वाकवले की तिथं रंगाला बारीक तडा जातो. नख फिरवून बघायचं.

शोध घरापासनं चालू करा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि यात लोक सगळ्यात कमी वेळ घालवतात, डायरेक्ट मोबाईल उघडून बसतात. अहो, मूळ गाडीच अजून कुठंतरी माळ्यावर असू शकते! चुलत घरं, आजोळ, विकलेला वाडा कुणी घेतला तो माणूस, सगळीकडं विचारा. सातारा, वाई, कऱ्हाड, सांगलीचा गावभाग, मिरजेची ब्राह्मणपुरी, इथं जुने वाडे पाडायचं काम कायम कुठंतरी चालू असतं. वाडा पाडायच्या आधी ट्रंका निघतात, आणि त्या बघतो पहिल्यांदा भंगारवाला. म्हणून ओळखीचे दोन-तीन भंगारवाले आणि जुनं लाकूड घेणारे धरून ठेवा, त्यांना मोबाईलवर गाडीचा फोटो द्या आणि स्पष्ट सांगा, असलं काही आलं तर किलोवर घालू नका, मला फोन करा, वेगळे पैसे देते. फोटो दिल्याशिवाय हे काम होत नाही, रेल्वे म्हटलं की त्यांना प्लास्टिकचं कालचं खेळणं आठवतं.

साताऱ्याच्या लोकांना एक फायदा आहे तो पाचगणी-महाबळेश्वरचा. तिथले जुने बंगले आणि बोर्डिंगच्या शाळा, इंग्रज आणि पारशी कुटुंबांचं येणंजाणं, यामुळं बाहेरची खेळणी त्या डोंगरावर पूर्वीपासनं आहेत. बंगल्यांचे माळी आणि राखणदार यांच्याशी आदरानं बोला, बंगल्यात काय पडलंय ते मालकापेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. मात्र वस्तू घ्यायची ती मालकाला विचारून, मालकाशी बोलून, नाहीतर गरीब माणसाची नोकरी जायची.

आणि सांगलीकरांकडं जे जाळं आहे ते कुठल्याच ॲपकडं नाही. विटा, खानापूर, आटपाडी भागातली आपली गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत, कोलकाता असो नाहीतर चेन्नई, तिथल्या सराफ बाजारात आपला कुणीतरी आहेच. कोलकात्यात इंग्रजांच्या काळापासनंचं सामान अजून बाजारात येतं, रसेल स्ट्रीटची लिलावघरं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. तिथल्या दाजींना सुट्टीच्या दिवशी एक चक्कर मारायला सांगा, व्हिडिओ कॉलवर वस्तू बघा. तसंच पाटण, जावळीकडच्या घरात मुंबईला माथाडीत कुणी ना कुणी असतंच, मस्जिद बंदरपासनं चोर बाजार काही लांब नाही.

चोर बाजारात स्वतः जायचं असेल तर महालक्ष्मी एक्सप्रेसनं रात्री मिरजेतनं बसलं की सकाळी मुंबईत. मटन स्ट्रीटची जुन्या वस्तूंची पक्की दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्याच दिवशी रस्त्यावर जुना माल पसरतो, तेव्हा दुकानं बघायची असतील तर शुक्रवार सोडून जा आणि रस्त्यावर नशीब काढायचं असेल तर शुक्रवारीच पहाटे जा. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. दोन्हीकडं पहिल्या फेरीत काही घेऊ नका, नुसतं बघा, भाव ऐका, आणि ज्याच्याकडं पत्र्याची खेळणी दिसतील त्याचा नंबर घ्या. दुकानात मांडलेली गाडी महागच असते, खरा माल त्याच्या गोडाऊनमधे असतो आणि तो ओळख झाल्यावर बाहेर येतो.

ऑनलाईन शोधताना नुसतं टॉय ट्रेन टाकलंत की माथेरान आणि दार्जिलिंगच्या सहली येतात. इंग्रजी अक्षरांत क्लॉकवर्क ट्रेन, टिनप्लेट लोकोमोटिव्ह, विंड अप ट्रेन, ओ गेज असे शब्द टाका, आणि कंपनीच्या नावाची स्पेलिंग चुकवूनही टाकून बघा, कारण ज्याला वस्तूची किंमत माहीत नसते तो नावही चुकीचं लिहितो आणि अशा जाहिराती कुणालाच दिसत नाहीत. ओएलएक्स आणि फेसबुक मार्केटप्लेसवर शहर सांगली ठेवू नका, पुणे, मुंबई, बंगळुरू, कोलकाता असं बदलत राहा. ईबेचं भारतातलं दुकान २०१८ ला बंद झालं पण बाहेरच्या साईटवरनं काही विक्रेते इकडं पाठवतात.

परदेशातनं मागवायची तर कस्टम ड्यूटी आधी डोक्यात धरा. खेळण्यांवरची बेसिक ड्यूटी २०२० ला २० टक्क्यांवरनं ६० वर नेली आणि २०२३ ला ७० वर, त्यावर बाकीचे कर वेगळे, आणि हिशोब कुरियरचा खर्च धरून होतो. शिवाय जानेवारी २०२१ पासनं खेळण्यांना बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, अट आलीय त्यामुळं पार्सल कस्टममधे अडकण्याचीही धास्ती. ऑर्डर करण्याआधी त्या दिवशीचे नियम बघून घ्या. त्यापेक्षा लंडनला असलेला पुतण्या दिवाळीला येणार असेल तर त्याच्या तिथल्या पत्त्यावर मागवा आणि बॅगेत आणायला सांगा, बॅगेजचे नियम तेवढे त्याला बघून घ्यायला सांगायचे.

हातात आल्यावर काय तपासायचं

चावीची गाडी असेल तर पूर्ण चावी देऊ नका, दोन-तीन पिळे पुरेत. चाकं बोटानं धरून ठेवा आणि हळू सोडा. आवाज एकसारखा आला पाहिजे. मधेच टक टक असा अडखळल्यासारखा येत असेल तर गिअरचा दात तुटलाय. चावी काही न अडता गोल फिरत राहिली तर कमान, म्हणजे आतली स्प्रिंग, तुटलीय किंवा हुकातनं सुटलीय, आणि ही काही वाईट बातमी नाही, कमान बदलता येते, त्या नावाखाली भाव मात्र उतरवून घ्या. चावी फिरतच नसेल तर जोर लावू नका, आत जुनं तेल घट्ट झालेलं असतं.

सेलवरची असेल तर पहिल्यांदा सेलचं झाकण उघडा. पांढरा-हिरवा थर दिसला तर सेल फुटून गळलेत. पट्ट्यांवर वरवर असेल तर कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून निघतं, हातात ग्लोव्ज घाला, पण थर वायरमधनं मोटारीपर्यंत गेला असेल तर ती गाडी नुसती ठेवायला घ्या, चालेल या आशेनं घेऊ नका.

विजेवरची असेल तर विकणाऱ्यानं कितीही आग्रह केला तरी जुना ट्रान्सफॉर्मर प्लगला लावायचा नाही. जुन्या वायरचं रबर आणि कापड कुजलेलं असतं, शॉक बसतो. अमेरिकेतनं आलेल्या लायोनेल कंपनीच्या गाडीचा ट्रान्सफॉर्मर तिथल्या ११०-१२० व्होल्टचा असतो, आपल्या २३० ला लावला की जळतो. डब्लो आणि ट्राय-अँग १२ व्होल्ट डीसीवर चालतात, जुनी मार्कलिन एसीवर, एकाचा ट्रान्सफॉर्मर दुसऱ्याला चालत नाही. चांगला इलेक्ट्रॉनिक्सवाला नवीन, सुरक्षित सप्लाय करून देतो, जुना ट्रान्सफॉर्मर खोक्यात तसाच ठेवायचा.

ओतीव धातूच्या भागांवर बारीक भेगा, फुगवटा, कोपरे भुगा झाल्यासारखे दिसतात का ते उजेडात बघा. युद्धाच्या आधीच्या काही इंजिनांत आणि चाकांत जो जस्ताचा मिश्रधातू वापरला त्यात शिसं मिसळलं गेलं होतं, तो आतनं सडत जातो आणि त्याला जगात औषध नाही. गंज परवडला, हा रोग नको.

आणि आपल्या भागासाठी खास सांगते, पुराचा माल ओळखायला शिका. २००५, २०१९, २०२१, कृष्णेचं पाणी सांगलीत किती घरांत शिरलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, आणि त्या घरांतल्या वस्तू वरनं पुसून आजही बाजारात फिरतायत. पुराची गाडी वरनं बरी दिसते पण चाकांच्या आसाजवळ, गिअरच्या खोबणीत, डब्याच्या छपराच्या आतल्या कडेला बारीक पिवळसर गाळ बसलेला असतो. टॉर्च मारा, टूथपिक फिरवा. गाळ निघाला तर आतला पत्रा खालनं गंजत चाललाय असं धरूनच भाव करा. घेऊच नये असं मी म्हणणार नाही, एखाद्या घराची ती एवढीच उरलेली वस्तू असते, पण मग लगेच खोलून साफ करावी लागते.

रंगाबद्दल माझं मत पक्कं आहे, ओरखडे असलेला मूळ रंग नव्यानं मारलेल्या चकचकीत रंगापेक्षा केव्हाही चांगला. नवा रंग मारलेली गाडी म्हणजे दगडी वाड्याला ऑइलपेंट फासल्यासारखं. रंगवलेलं ओळखायचं कसं, तर पत्र्याचे कान आणि कडा बघा, तिथं रंग फटीत साचलेला दिसतो, आणि छापील अक्षरांच्या कडा धारदार नसतात. हल्ली चीनमधनं नव्यानं बनवलेल्या जुन्या धाटणीच्या पत्र्याच्या गाड्याही येतात, दिसायला गोड असतात, त्या नवीन म्हणून स्वस्तात घ्यायला काहीच हरकत नाही, जुन्या भावानं नको. खोका नवाकोरा, पत्र्याच्या आतल्या बाजूला एकही डाग नाही आणि विकणारा आजोबांची म्हणतोय, तर विचार करा.

भाव आणि पैसे

आकडा मी सांगणार नाही, कारण तीच गाडी खोक्यासकट आणि खोक्याशिवाय यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तू बघायचा फिल्टर आहे, तो लावा, म्हणजे लोक मागतायत किती ते नाही तर खरंच देतायत किती ते कळतं. डबे, रूळ, चावी, खोका, एकेक कमी असेल तसा भाव खाली आणा. घासाघीस करा पण वाडा सोडताना कुणी म्हातारी बाई वस्तू विकत असेल आणि तिला किंमतीचा अंदाज नसेल तर तिला तो सांगा आणि मग ठरवा. हे मला फार मनापासनं वाटतं.

ऑनलाईन व्यवहारात ॲडव्हान्स मागणारे, लष्करात आहे बदली झालीय म्हणून विकतोय असं सांगणारे, क्यूआर कोड पाठवून स्कॅन करा म्हणजे पैसे येतील म्हणणारे, यांच्यापासनं लांब राहा. पैसे घ्यायला कधीच पिन टाकावा लागत नाही. व्हिडिओ कॉल करा, गाडी उलटी करून दाखवायला सांगा, शेजारी आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवायला सांगा. शक्य असेल तर त्या गावातल्या पाहुण्याला पाठवून हातात घेऊन मगच पैसे. पार्सलनं येणार असेल तर इंजिन आणि डबे वेगवेगळे गुंडाळायला सांगा, चावी पूर्ण सैल करून, आणि चाकांवर वजन येणार नाही असं.

साफसफाई आणि दुरुस्ती

कमी तेवढं चांगलं. मऊ ब्रशनं धूळ, नंतर किंचित ओलसर सुती कापड, लगेच कोरडं. चिंच, लिंबू, पितांबरी, रॉकेल, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश यातलं काहीही छापील पत्र्याला लावायचं नाही, एका पुसण्यात सत्तर वर्षांचा रंग जातो. आसाला शिलाई मशिनच्या तेलाचा एकेक थेंब टाचणीच्या टोकानं. खोबरेल तेल नको, ते पुढं चिकट होऊन सगळं जाम करतं.

कमान बदलायची असेल तर जुन्या भिंतीवरच्या घड्याळांचं काम करणारा माणूस शोधा, सांगलीत आणि साताऱ्यात जुन्या पेठांमधे असे कारागीर अजून आहेत. स्वतः खोलू नका, दाबलेली कमान सुटली की हात कापते. त्यांना सांगताना नवीन करा असं सांगायचं नाही, चालू करा आणि काढलेला प्रत्येक तुकडा परत द्या असं सांगायचं. चावी हरवलेली असेल तर तेच माप घेऊन चावी जुळवून देतात, तेव्हाच दोन करून घ्या, एक गाडीबरोबर आणि एक घरात कुठंतरी नीट ठेवलेली.

देताना

चकचकीत गिफ्ट पेपर चालेल, पण आतला मूळ खोका कितीही फाटका असला तरी त्याला सेलोटेप लावू नका, चिकटपणानं कागद पिवळा पडतो. बरोबर एक कागद ठेवा, गाडी कुठल्या कंपनीची, साधारण कुठल्या सालातली, कुठं मिळाली, कुणी शोधून दिली, काय दुरुस्त केलं. लग्नकार्यातल्या गर्दीत देऊ नका, शंभर हात लागतात. घरच्या लोकांत, सपाट फरशीवर रूळ आधीच जोडून, गाडी एकदा चालवून बघून मग द्या.

घरात लहान नातवंडं असतील तर आजोबांना आधीच सांगून ठेवा, जुन्या रंगात शिसं असायचं, त्यामुळं गाडी तोंडात घालणाऱ्या वयाच्या बाळाच्या हातात ती द्यायची नाही, मोठ्यांनी हात धुवायचे. पावसाळ्यात कपाटातल्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या अधनंमधनं बदला, पुराच्या पट्ट्यात राहत असाल तर कपाटाचा वरचाच खण. आणि महिन्यातनं एकदा दोन पिळे चावी देऊन गाडी फिरवा, नुसती बंद ठेवली की तेल परत घट्ट होतं.